शनिवारचा नियम

सोमवारी सकाळी आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातून कल्याणच्या शीतगृहाचा सर्व्हर उघडेना. तिथे लसी असतात; त्यांचं तापमान आम्ही ठाण्यात बसून टर्मिनलवर बघतो. मी कमांड दिली. काळा स्क्रीन, लुकलुकणारा कर्सर, दोन मिनिटांनी ‘टाइम आउट’.

आमचे नेटवर्क प्रमुख देवेश सर मागे येऊन उभे राहिले. हा माणूस कीबोर्डला हात न लावता निदान करतो.

"पासवर्ड चुकला असेल, रसिका."

"सर, पासवर्ड विचारलेलाच नाही. तिथपर्यंत पोचतच नाहीये. आपल्या ऑफिसची फायरवॉल बघूया? तीच वाट अडवत असेल."

"फायरवॉल शनिवारी मी स्वतः सेट केलीय. सर्व्हर बंद असेल. जा कल्याणला."

स्कूटरवर धूळ खात गेले. शीतगृहाच्या ऑपरेटर शेवंतीबाई भोईर दारातच भेटल्या.

"सर्व्हर चालू हाय गो. तुमाला दिसत नाय म्हनून मी दर अर्ध्या तासानं आकडे वहीत लिवते. तुमच्या सायबाला दोनदा फोन केला. म्हनतो, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर एका झटक्यात उघडला. मग मी सर्व्हरवर येणारं ट्रॅफिक बघत बसले आणि सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, आता तिथून कनेक्ट करा."

डेटाचं एक पॅकेटसुद्धा आलं नाही.

"आता ऑफिसचं वायफाय बंद करा. मोबाइलच्या नेटवरून करा."

पॅकेट्स धडाधड आली. म्हणजे अडथळा ऑफिसच्याच फायरवॉलमध्ये होता.

"पासवर्ड मागतंय," सर म्हणाले. मग, "मला आधीपासून वाटतच होतं."

शेवंतीबाई तोंडावर पदर धरून हसल्या. सरांना ऐकू गेलं असावं. फोन कट झाला.

संध्याकाळी सरांचा सगळ्यांना मेल आला: देवेश यांच्या मार्गदर्शनाखाली अडचण दूर झाली. मी सगळ्यांनाच उत्तर दिलं, फक्त फायरवॉलच्या नोंदवहीचा एक स्क्रीनशॉट; ती आम्हा सगळ्यांना बघता येते, बदलता येत नाही. शनिवार, चार वाजून दहा मिनिटं: पोर्ट बावीस, म्हणजे सर्व्हरकडे जायची आमची वाट, बाहेर जाणारं ट्रॅफिक बंद. नियम करणारा: देवेश. खाली एक ओळ: दिवसभराच्या नोंदी शेवंती भोईर यांनी ठेवल्या.

मंगळवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मेलवर लिहायची काय गरज होती? आपण बोललो असतो."

भांडायचं म्हटलं तरी समोरच्या माणसाला थोडा मान द्यावा लागतो. तेवढा माझ्याकडे उरला नव्हता. मी फायरवॉलचे नियम बदलायचं लॉगिन मागितलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून, न बघता पुढे सरकवलं.