कपलिंगखालची काळी रेघ

कपलिंगच्या बरोबर खाली, बोटीच्या पांढऱ्या तळावर, एक काळी आडवी रेघ उमटली होती. बोटाएवढी रुंद, दोन्ही कडांना सरळ. मी त्यातली भुकटी चिमटीत घेतली. रबर होतं, बारीक आणि किंचित चिकट. इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथे जोडले जातात त्या जोडात रबराची जाड चकती असते, आणि ती आम्ही गेल्याच आठवड्यात नवी बसवली होती.

मी अण्णांना, माझ्या वडिलांना, हाक मारली नाही. ते काठावर बाभळीखाली बसून माझ्याकडे पाहत होते. मी तळ पुसायला फडकं घेतलं, तेव्हाच त्यांना पुन्हा बिघडल्याचं कळलं असणार.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे आहे आणि चांगलं रान पलीकडे. रस्त्याने जायचं तर धरणाची भिंत ओलांडून लांबचा वळसा पडतो. कुठल्याशा तलावावरचं बोटिंग बंद पडलं तेव्हा अण्णांनी तिथली ही फायबरची डिझेल बोट विकत घेतली. आई होती तोवर ती पुढच्या फळीवर भाकरीचा डबा मांडीत धरून बसायची. आता अण्णा एकटेच जातात. मी परतूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. शनिवारी गावी येते आणि बहुतेक वेळा बोटीच्या पोटात वाकलेली असते.

बोट थरथरायची. इंजिनाला जरा जोर दिला की फळीवरचा डबा नाचायचा आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. एका ट्रॅक्टर गॅरेजने बेअरिंग बदललं. दुसऱ्याने गिअरबॉक्सचं सील बदललं, तरी तेल गळायचं थांबलं नाही. जालन्याच्या एका वर्कशॉपने पंखा बरेच दिवस ठेवून घेतला आणि न सांगताच लाल रंगवून परत दिला. त्यांच्यापैकी कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. ज्याला जे येत होतं ते त्याने केलं.

सगळ्यात नेटकं काम आष्टीच्या रहमतुल्लाभाईंचं. त्यांचं लेथ मशीनचं दुकान आहे. बोट ट्रॉलीत घालून त्यांच्या दारात न्यायची, ते दांडा हाताने फिरवून बघायचे, चारी बाजूंनी फट मोजायचे.

"हिथं तर बिलकुल बराबर फिरून राह्यली, मॅडम," ते म्हणायचे. "पाण्यात गेली की नखरे. हिला पाणीच सोसंना झालंय."

पलीकडे आमच्या बांधाला बद्रीनाथचं रान लागून आहे. दर हंगामाच्या आधी तो विचारायचा, मी बटईनं पेरू का, पीक अर्धं अर्धं. अण्णा दर वेळी म्हणायचे, "बोट नीट होऊ दे, मंग बघू." तो मान हलवून जायचा. मागच्या वर्षी अण्णा पलीकडच्या चढावर घसरले. बद्रीनाथने त्यांना उचलून बोटीत बसवलं. घरी आल्यावर अण्णांनी बोटीने हिसका दिला असं सांगितलं. मला ते खरं वाटलं नव्हतं, तरी सोमवारी मी नवं सील आणायला गेले. बोट दुरुस्तीत असली की त्यांच्या गुडघ्यांबद्दल कोणाला बोलावं लागत नसे. मलाही नाही.

त्या दिवशी रेघ पुसून झाल्यावर मी बोट पाण्यातच ठेवून कपलिंगचे बोल्ट सोडले आणि रहमतुल्लाभाईंकडून आणलेला फीलर गेज, फट मोजायच्या पातळ-जाड पात्यांचा जुडगा, काढला. वरच्या बाजूला जाड पात सैल गेली. खाली पातळ पातही अडकली. आठवड्यापूर्वी, ट्रॉलीत, एकच पात चारी बाजूंनी सारखी गेली होती. मी शेजारीच उभी होते. म्हणजे मधे बदललं होतं ते बोटीचं अंगच. ट्रॉलीत ती नाक आणि शेपटाखालच्या टायरांवर टेकायची आणि मधे पोट खाली यायचं. पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळाला की ती सरळ व्हायची. आम्ही दर वेळी वाकलेल्या बोटीत जोड सरळ करून घेत होतो.

मी रहमतुल्लाभाईंना फोन करून सांगितलं की माप पाण्यातच घ्यावं लागेल. बोटीचं काम बोटीत बसून करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. तरी शुक्रवारी नमाजनंतर ते आले. दिवाळीची सुट्टी होती, मी घरीच होते. त्यांनी बूट काढून काठावर दूर ठेवले आणि पाणी किती आहे विचारलं. अण्णा म्हणाले, छातीएवढं.

"कोणाच्या छातीएवढं, कप्तानसाब? तुमच्या का माझ्या?"

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले.

रहमतुल्लाभाई बोटीच्या तळाशी मांडी घालून बसले ते काम होईपर्यंत उठले नाहीत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आम्ही इंजिनाच्या पुढच्या पायांखाली सरकवला, मोजलं, काढला, पुन्हा सरकवला. अखेर एकच पात सगळीकडून सारखी गेली.

"आता म्हणा हिला, कर नखरे," ते म्हणाले. "पण मला आधी काठावर सोडा."

त्यांना सोडून आम्ही दोघं पलीकडे निघालो. बोट थरथरली नाही. फळीवर डबा जागच्या जागी होता. अण्णांनी सुकाणू सवयीने घट्ट धरलं होतं. मधल्या पाण्यात त्यांची बोटं हळूहळू सैल झाली. आता बोलता आलं असतं.

बद्रीनाथ काठावर येऊन दोरी धरायला थांबला होता.

"अण्णा, आज आवाजच न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं दुसरंच कोणी आलं."

ज्वारीच्या पेरणीला ओल चांगली होती. त्याचं रान तयार होतं, आमच्या रानात गवत होतं. त्याने या वेळी काही विचारलं नाही.

मी इंजिन बंद केलं. अण्णांनी एक पाय बोटीच्या काठावरून बाहेर टाकला आणि चढाकडे पाहिलं. मी हात पुढे केला, बद्रीनाथनेही केला. त्यांनी कोणाचाच हात धरला नाही. पाय आत घेतला आणि ते आईच्या फळीवर बसले. त्यांनी एकदा कपलिंगवरच्या झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बद्री," ते म्हणाले, "औंदापासून हे रान तूच पेर. माझी वाट नको बघू."