सज्जातली टोपली आणि भिंतीवरचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. अलेक्झांड्रिया शहरात, ट्राम वळते त्या कोपऱ्यापासून तिसऱ्या गल्लीत, चौथ्या मजल्याच्या सज्जाला माझी दोरी बांधलेली आहे. पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करते. मी हेवेखोर आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. माझी कहाणी बरीचशी त्या दुखण्याचीच आहे.

माझा जन्म फय्यूमकडच्या एका खेड्यातला. झुल्फा नावाच्या बाईने खजुराच्या पात्या रात्रभर भिजवल्या आणि दोन दिवस बसून मला विणलं. तिची वीण इतकी घट्ट होती की माझ्यातून तांदळाचा दाणाही गळत नसे. शुक्रवारच्या बाजारात एका ट्राम कंडक्टरने मला विकत घेतलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "नेमात, जिने चढउतार करून तुझे गुडघे जातील. ही घे."

तेव्हापासून नेमात माझी मालकीण. सकाळी तिने हाक मारली की मी खाली जायची आणि गरम रोट्या, बाकल्याच्या उसळीचा डबा घेऊन वर यायची. दुपारी मुलुखियाच्या पालेभाजीच्या जुड्या, संध्याकाळी वर्तमानपत्र. तिचा मुलगा वाएल शाळेची वही विसरून धावत खाली गेला, की वही माझ्यातूनच त्याच्यामागे जायची. खाली शौकीचं इस्त्रीचं दुकान होतं. गल्ली त्याला अम्म शौकी म्हणे, म्हणजे शौकीकाका. नेमातला तो 'उम्म वाएल', म्हणजे वाएलची आई, म्हणे. मी खाली टेकले की तो मान वर करून विचारायचा, "उम्म वाएल, आज काय शिजतंय? वास खालपर्यंत आलाय."

"वासावरच जेवा तुम्ही. कालचं भांडं अजून परत आलं नाही," नेमात वरून म्हणायची.

मग शौकी ते भांडं माझ्यात ठेवायचा आणि गल्लीतल्या दोन बातम्याही वर पाठवायचा. कुणाला मुलगी झाली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं माझ्या दोरीवरून चढत असे. मला वाटायचं, हे घर माझ्यावाचून चालणारच नाही. कंडक्टर वारला, वाएल नोकरीसाठी कुवेतला गेला, घरात नेमात एकटी उरली, तेव्हा तर माझा भाव आणखी वधारला.

मग तो हिवाळा आला. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. संत्र्यांनी भरलेल्या मला नेमात वर ओढत होती. अचानक तिला घेरी आली आणि ती सज्जातच कोसळली. दोरीचा वेढा कठड्याला होता, म्हणून मी दुसऱ्या मजल्यापाशी लोंबकळत राहिले. टोपली हलत का नाही, हे शौकीने पाहिलं. त्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा तो शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन वर धावला. नेमातचं मनगट मोडलं होतं.

आणि मित्रांनो, दोष कुणाला मिळाला? मला. भेटायला येणारा प्रत्येकजण माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "या टोपलीनं घात केला."

हात बरा होत आला तेव्हा वाएल दहा दिवसांची रजा घेऊन आला. त्याच्या पिशवीत एक पांढरं खोकं होतं. खोक्यातून निघाला मुठीएवढा, गुळगुळीत, एकाच डोळ्याचा प्राणी. कॅमेरा.

"हा बिनतारी आहे," वाएल आईला सांगू लागला. "इथे लावला की मी कुवेतमधून तुला फोनवर बघू शकेन. बोलूही शकेन."

नेमातने कॅमेरा उलटा करून पाहिला. "बिनतारी आहे, तर ही शेपटी कसली?"

"ती विजेची, आई. चित्र बिनतारी जातं."

"म्हणजे जेवायला तार लागते, चहाडी करायला नाही."

वाएल हसला, पण कामाला लागला. मी सज्जाच्या दारातून सगळं पाहत होते. आधी त्याने फोनमध्ये ॲप घेतलं. मग फोनवर आलेला काळापांढरा चौकोन कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला. तीनदा केलं, तरी लालच. चौथ्यांदा त्याच्या लक्षात आलं की घरातलं राऊटर दोन नावांनी इंटरनेट देतं, एक वेगवान आणि एक संथ, आणि या पाहुण्याला फक्त संथ कळतं. ते बदलल्यावर दिवा निळा झाला. मग जागेवरून वाद झाला. वाएलला कॅमेरा निजण्याच्या खोलीत हवा होता.

"तिथे लावलास तर तुझ्यासमोर हातोडीनं फोडीन," नेमात शांतपणे म्हणाली.

शेवटी तो बैठकीच्या भिंतीवर गेला. तिथून सोफा, बाहेरचं दार आणि सज्जाचं दार दिसत होतं. वाएलने त्याच्या पोटात मेमरी कार्ड बसवलं आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून नवा घातला. "जुनाच ठेवला तर उद्या कुणीही परका तुला बघेल," तो म्हणाला. मग बाहेरून दिसतंय का, हे पाहायला तो फोन घेऊन खाली शौकीच्या दुकानात गेला.

दिसेना. घरातल्या इंटरनेटवर स्वच्छ दिसणारं चित्र गल्लीत पाऊल टाकताच गेलं. वाएलने खालून ओरडून सांगितलं, "आई, बाहेरून बघायला हे त्याचा नंबर मागतंय. खोक्याच्या बुडावर आहे. वाचून दाखव."

"चष्मा लावूनही मुंग्याच दिसतात."

"मग टोपलीतून सोड खाली. पण ही शेवटची फेरी, हं. यापुढे कठड्यावरून वाकायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

ते शब्द मी ऐकले. माझ्या पोटात त्या उपऱ्याचं खोकं होतं आणि मी खाली निघाले होते. माझ्या आयुष्यात मी मीठ, पीठ, वह्या, औषधं, काय काय वाहिलं, पण इतकं जड ओझं कधी वाहिलं नव्हतं. वाएलने खोकं काढलं, नंबर टाकला. शौकी त्याच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला आणि म्हणाला, "दिसल्या की उम्म वाएल. सोफ्यावर बसून आपल्याला शिव्या देताहेत."

वर आल्यावर वाएलने माझी दोरी सोडली, तिची गुंडाळी करून कपाटावर टाकली. मला सज्जाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले.

तो कुवेतला परत गेला आणि माझे हाल सुरू झाले. भाजी, रोट्या, औषधं आता फोनवरून मागवली जायची. कुणीतरी दाराला पिशवी अडकवून जायचं. ते मी एक वेळ सहन केलं असतं. पण नेमात बदलली. ती सकाळी केस विंचरून, ठेवणीतला रुमाल बांधून सोफ्यावर बसू लागली. माझ्यासमोर ती कधी अशी नटली नव्हती! कॅमेऱ्यातून वाएलचा आवाज यायचा, "आई, गोळी घेतलीस?" आणि तिचा चेहरा उजळायचा. माझ्यातून तिच्या मुलाची वही गेली होती, पण त्याचा आवाज मी कधी आणू शकले नव्हते. मी त्या कॅमेऱ्याला पाण्यात पाहू लागले. वीज गेली आणि त्याचा दिवा विझला की मला आनंद व्हायचा. एकदा त्याच्या डोळ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं, तेव्हा मी मनातल्या मनात कोळ्याला दुवा दिला. दुसऱ्या दिवशी नेमातने स्टुलावर न चढता, लांब दांड्याच्या झाडूने ते हळुवार काढलं. माझ्यात कोळी राहत होता, त्याच्याकडे तिचं लक्षही गेलं नाही.

पुढे पुढे कॅमेऱ्यातून आवाज कमी येऊ लागला. पण नेमातचं बोलणं वाढलं. दिवा निळा असायचा आणि ती त्याच्याशी बोलत बसायची. मसुराच्या सूपात मीठ जास्त पडलं. रात्री पाय वळला. इस्माइलियाच्या धाकट्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिला तू फोन कर. मी कोपऱ्यातून ऐकायची आणि जळायची. माझ्याशी ती दोन शब्दही बोलत नव्हती.

असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी वाएलचा फोन आला. नेमात सज्जाच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली होती आणि फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"मावशीला फोन केलास का?" तिने विचारलं.

"कुठल्या मावशीला? काय झालं तिला?"

"अरे, रोज तर सांगतेय. डोळ्याचं ऑपरेशन."

"कधी सांगितलंस, आई? आपलं बोलणं झाल्यालाच पंधरा दिवस झाले."

"फोनवर कशाला? इथे, या तुझ्या डोळ्याला सांगते. रोज दुपारी."

मग वाएल म्हणाला, "आई, कारखान्यात दोन पाळ्या चालू आहेत. मी ते ॲप... खूप दिवसांत उघडलंच नाही."

"पण दिवा तर निळा असतो."

"तो दिवा कॅमेरा चालू आहे म्हणून असतो. कुणी बघतंय, असा त्याचा अर्थ नाही."

"असं होय," नेमात म्हणाली. तिने मावशीची तब्येत सांगितली, जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. मग ती उठली, स्वयंपाकघरातून भांडी पुसायचा टॉवेल आणला आणि झाडूच्या दांड्याने तो कॅमेऱ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी तिने केस विंचरले नाहीत.

मित्रांनो, खरं सांगते, मला हर्ष झाला. बरी जिरली, असं मी म्हटलं. मालकीण दिवसभर अंथरुणात पडून होती आणि मी मात्र टॉवेलखालच्या त्या डोळ्याकडे बघून खूश होते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तीन दिवस गेले. शुक्रवारी दुपारी टॉवेलखालून आवाज आला, "आई."

नेमात दचकली. "टॉवेल काढणार नाही मी."

"राहू दे. नुसतं ऐक. कॅमेऱ्यात कार्ड आहे ना, त्याच्यावर तुझं सगळं बोलणं साठलंय. मी तीन दिवस पाळीवरून आलो की तेच ऐकतोय."

"सगळं ऐकलंस?"

"मागच्या आठवड्याचं राहिलंय. तू फार बोलतेस."

"तुझ्या बापाची संगत लागलीय," ती म्हणाली, पण सोफ्यावर येऊन बसली.

"मावशीशी बोललो मी. आणि आई, एक दिवस तू म्हणालीस, की खाली शौकीकाका कुणाशी तरी हसत होते आणि कुणाशी ते तुला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, रोटीवाला गेल्याचं ऐकू येतं पण त्याचं तोंड पाहून महिना झाला. म्हणालीस, टोपली होती तोवर मी चौथ्या मजल्यावर राहूनही गल्लीत होते, आता घरात आहे. तू असं अकरा वेळा म्हणालीस."

मित्रांनो, मी चिमट्यांनी भरलेली, कोपऱ्यात बसलेली, हे ऐकत होते. म्हणजे ज्याला मी पाण्यात पाहत होते, त्याच्यासमोर बसून ती माझी आठवण काढत होती. बाकीचं मला ऐकू यायचं, पण हे ती इतक्या हळू आवाजात म्हणायची, की ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याने मात्र त्यातला एक शब्द गाळला नाही. माझ्या वैऱ्याने माझी बाजू साठवून ठेवली होती आणि योग्य माणसाच्या कानावर घातली होती.

"मी शौकीकाकांशी बोललोय," वाएल सांगत होता. "ते कठड्याला कप्पी बसवून देतील. तू खुर्चीवर बसून दोरी ओढायची. उभं राहायचं नाही, जड काही मागवायचं नाही. आणि मी आता कॅमेरा उघडला की आधी हाक मारीन. हाक आली नाही तर कुणी बघत नाही असं समज, आणि खुशाल मला शिव्या दे."

नेमातने डोळे टिपले. मग दांड्याने टॉवेल खाली ओढला आणि त्या काचेकडे बघून म्हणाली, "किती वाळलायस तू," जणू तोच तिला दिसत होता.

रविवारी शौकी कप्पी घेऊन आला. त्याने माझ्यातले चिमटे ओतले, कोपऱ्यात पडून तुटलेला माझा कान सुतळीने बांधला आणि म्हणाला, "उम्म वाएल, ही खाली येत नव्हती तर माझ्या दुकानाला छप्पर नसल्यासारखं वाटत होतं." त्या दिवशी मी खाली गेले ती रिकामी. वर आले तेव्हा माझ्यात दोन रोट्या होत्या आणि एक लग्न ठरल्याची बातमी होती.

मित्रांनो, लांब राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी घरात असा डोळा बसवायचा असेल, तर जरूर बसवा. पासवर्ड बदला, जागा त्यांना विचारून ठरवा. पण बसवून झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. त्यातून पाहावं लागतं, आणि पाहण्याआधी हाक मारावी लागते. पलीकडे कुणीतरी केस विंचरून बसलेलं असतं. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू काढून टाकण्याआधी त्यांना धरून कोण कोण उभं होतं, तेही विचारा.

माझा हेवा गेला का, असं तुम्ही विचाराल. खोटं कशाला बोलू? काल तिने मऊ फडकं ओलं करून त्याची काच पुसली, दोनदा. मला कठड्यावर आपटून झटकलं. मी गुपचूप खाली गेले आणि तिचे टोमॅटो घेऊन आले.