समाचाराला आलेली माणसं

माझी भाची मधुवंती हुबळीत लॅमिंग्टन रोडजवळच्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. लोक येतात, रडतात, हलके होऊन जातात, आणि ते सगळं वजन हिच्या कानांत उतरतं. संध्याकाळी ती बसमध्ये बसली की बस तिच्या बाजूला कलते, म्हणून रायापूरपर्यंत ड्रायव्हर चार जाडे प्रवासी पलीकडे बसवतो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. माझ्या निम्म्या गोष्टी तशाच असतात. ही मात्र उरलेल्या निम्म्यातली.

माझी बहीण गोदूअक्का, म्हणजे मधुवंतीची आई, गेली. मधुवंती रडली नाही. लोक समाचाराला येऊ लागले. आमच्याकडे अशा वेळी येणारा गप्प बसतो, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो आणि निरोप न घेता उठून जातो. पण मधुवंतीसमोर बसल्यावर लोकांचं काय व्हायचं कोण जाणे! शेजारच्या इंदुमतीबाई अक्काबद्दल एक वाक्य बोलल्या आणि लगेच सुनेवर घसरल्या.

"मी घरात आहे की नाही, हेसुद्धा ती बघत नाही गं."

"हं," मधुवंती म्हणाली. "मग तुम्हाला काय वाटतं तेव्हा?"

झालं! इंदुमतीबाई तासभर रडल्या. पदराने तोंड पुसून उठल्या, तर मधुवंती त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी याल?"

सुतकाच्या घरातून कुणाला 'पुन्हा या' म्हणत नाहीत. सगळी खोली गार पडली. मधुवंतीच्याही लक्षात आलं. तिने तोंडावर हात घेतला. मला वाटलं, आता फुटेल बांध. तेवढ्यात कलघटगीचे नागेशअण्णा पुढे सरकले. "मॅडम, माझंही जरा ऐकता का?"

हात खाली आला. "बोला ना."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून कडी घातली आणि दारात खुर्ची टाकून बसलो. येईल त्याला सांगू लागलो, मधुवंती अळणावरला गेलीय.

"आत पंखा फिरतोय की हो, गुरुराजअण्णा," इंदुमतीबाई खिडकीतून डोकावत म्हणाल्या.

"त्याला अक्काची सवय होती. बटण बंद केलं तरी ऐकत नाही."

"निदान या घरात तरी खोटं बोलू नका!"

"मग कुठे बोलू? खरं बोलायला तुम्ही आहातच."

त्या फणकाऱ्याने गेल्या. मी आत जाऊन मधुवंतीला म्हणालो, "आता कुणी येत नाही. रड पोटभर."

तिने प्रयत्न केला, खरंच केला. डोळे मिटले, ओठ आवळले. मग म्हणाली, "येत नाही हो, मामा. आईचा चेहरा आठवायला जाते, तर दुसऱ्याच कुणाची तरी आई समोर येते. ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांची. आमची कुठली, तेच सापडत नाही."

"अगं, आपली गोदू! चहात साखर विसरायची आणि वर मलाच वेड्यात काढायची. माझ्या थापा खऱ्या मानणारं ते एकच माणूस..."

तिला वाट दाखवायला गेलो आणि माझाच आवाज फाटला. मी उपरणं तोंडात कोंबलं. मी रडलो की ही पुन्हा कामाला लागणार, हे कळत होतं मला. लागलीच. पाठ ताठ झाली, चेहरा शांत झाला.

"थांबवू नका, मामा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवून ती समोर बसून राहिली. डोळे कोरडे होते, आणि मला लागेल तेवढा वेळ द्यायला ती तयार होती.