वाऱ्याचं वजन

मित्रांनो, माझी काच फुटली आहे, ताट वाकडं झालं आहे आणि सध्या मी भंगारवाल्याच्या अंगणात एका गंजक्या सायकलीखाली पडलो आहे. तरी मला भंगार म्हणू नका, मला राग येतो. मी वजनकाटा आहे. जुना आहे, पण खोटा कधीच नव्हतो.

माझा जन्मच मारझोडीत झाला. कारखान्यात माझा पत्रा ठोकला, अंगाला भोकं पाडली. मग लोखंडी वजनं आदळून आदळून मला विचारलं, "बोल, किती?" होतं तेवढंच मी सांगितलं. म्हणून मी पास झालो आणि एका सुपरमार्केटात भाजीच्या टेबलावर जाऊन बसलो.

तिथे वजन करायला ताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत, मालकसुद्धा. दंडात पोतं उचलायची ताकद आणि जीभ तिखट. कोणी टोमॅटो चिवडायला लागलं की म्हणायच्या, "अहो दादा, निवडताय की गळा दाबताय त्याचा?" लोक हसायचे आणि गुमान पिशवी पुढे करायचे. रोज सकाळी ताई माझं ताट ओल्या फडक्याने पुसून मला चालू करायच्या. चालू होताना माझ्यावर जे असेल त्याला मी शून्य धरतो. त्यासाठी वेगळं बटणही होतं, पण पेनाच्या टोकाने दाबून दाबून ते कधीच मोडलं होतं.

एका उन्हाळ्यात मालकांनी बरोबर माझ्या डोक्यावर एक दांडगा पंखा लावला. मी चालू झाल्यावर, गिऱ्हाईकं यायला लागली की तो लावायचे. त्याचा वारा वरून सरळ माझ्या रुंद ताटावर दाबायचा. वारा दिसत नाही, पण भार टाकतो. दोन लिंबांएवढा! तुम्ही बटाटे घ्या नाहीतर कांदे, ही दोन लिंबं गुपचूप त्यात बसायची आणि बिलात त्यांचे पैसे लागायचे. ताट रिकामं असतानाही मी आकडा दाखवून बोंबलत होतो. ताई म्हणायच्या, "लागला म्हाताऱ्याला चळ!" आणि मला एक थापड ठेवून द्यायच्या. आकडा हलला नाही की दुसरी. यंत्र कुरकुरलं की हाणा त्याला, ही कुठली रीत? पण ताईंवर माझा राग टिकायचा नाही. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस एक ट्रक चालवणारा दांडगा माणूस कालचे बटाटे घेऊन परत आला. ती पिशवी त्याने माझ्यावर अशी आपटली की माझे स्क्रू खिळखिळे झाले.

"घरी मोजलेत मी! दर वेळी कमी भरतात. किती दिवस लुटताय?"

"अहो भाऊ, काटा बोलतो तेच मी सांगते," ताई म्हणाल्या.

"काटा बोलतो? थांब, तुलाच बोलायला लावतो!" त्याने ताईंचं मनगट धरलं आणि माझ्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. माझी पत्र्याची कड त्यांच्या हातात घुसली. त्यांचं रक्त माझ्या ताटावर आलं आणि मला काही करता येईना.

मालक धावत आले. मला वाटलं, सुटल्या ताई. छे! मालकांनी गर्दी पाहिली, दुकानाची अब्रू पाहिली आणि सगळ्यांदेखत ताईंच्या थोबाडीत मारली. "चोरटे! माझ्या दुकानात हे धंदे?"

मालकानेच चोर ठरवल्यावर मग काय, ज्याचे हात शिवशिवत होते तो पुढे झाला. कोणी केस ओढले, कोणी पाठीत बुक्के घातले. ताई खाली पडल्या तर एकाने बुटाची लाथ घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच!

त्या रेटारेटीत एक रॅक कोसळला तो थेट स्विचबोर्डावर. ठिणग्या उडाल्या आणि दुकानातली वीज गेली. माझ्या पोटात बॅटरी आहे, मी जागाच होतो. वर पंखा मंदावू लागला, तसतसा ताटावरच्या त्या पिशवीचा आकडा उतरू लागला. पंखा थांबला, आकडाही थांबला. दोन लिंबं गेली! ताई टेबलाला धरून उठत होत्या, त्यांनी ते पाहिलं. फुटलेल्या ओठांनी म्हणाल्या, "मालक... पंखा..." मालकांनीही पाहिलं. त्यांनी झटकन पिशवी उचलली, ट्रकवाल्याला पैसे परत दिले आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

मग ते हळूच म्हणाले, "हे बघ ताई, तुझी चूक नाही, मला कळलं. पण बाहेर बोललीस तर अख्खं गाव बिलं घेऊन दारात उभं राहील. नोकरी राहील तुझी. गप्प राहा."

"मग सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की ताई चोर नाही."

मालक हसले. "अगं, चार दिवसांत विसरतात लोक."

दुसऱ्या दिवशी वीज दुरुस्त झाली आणि मालकांनी स्वतःच्या हाताने पंखा लावला. मित्रांनो, कालपर्यंत ती चूक होती. त्या सकाळपासून ती चोरी झाली.

ताई हाताला पट्टी बांधून आल्या होत्या. पहिलंच गिऱ्हाईक एक आजी. ताईंना पाहताच त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली आणि नातीला म्हणाल्या, "लक्ष ठेव गं, हीच ती."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी माझी वायर उपटली, मला दोन्ही हातांनी डोक्यावर घेतलं आणि फिरत्या पंख्यावर फेकलं.

काय सांगू! पात्यांनी मला फोडून काढलं. एक पातं तुटून तेलाच्या बाटल्यांवर गेलं, दुसरं मालकांचा कान चिरत गेलं. मी जमिनीवर आदळलो, माझी काच मालकांच्या पायाशी विखुरली. आवाज ऐकून लोक धावत आत आले आणि तेलात आणि काचेत उभं राहून ताईंनी त्यांना पंख्याची सगळी गोष्ट सांगितली. मालकांचा चेहराच कबुली देत होता. ट्रकवालाही त्या गर्दीत होता. आपण कोणाला मारलं ते कळल्यावर तो आणखीच भडकला. त्याने मालकांची कॉलर धरली आणि मागून सगळे धावले, अगदी कालचेच.

ताई मध्ये उभ्या राहिल्या. "खबरदार कोणी हात लावाल तर! काल मलाही असंच धावून मारलंत."

सगळे हात तिथेच थांबले. मला तुकड्यांतून ते दिसलं आणि मोडल्याचं दुःख मी विसरलो.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा काटा तुम्हाला कुठे भेटला तर वस्तू ठेवण्याआधी त्याचं रिकामं ताट बघा. तो रिकामा असूनही आकडा दाखवत असेल तर त्याला थापड मारू नका, वर-खाली काय आहे ते शोधा. आणि कोणी "चोर" म्हणून ओरडलं की तुमचे हात आधी खिशात घाला. ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.