पाठीला पाठ

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लेकीने मला कान तपासायला नेलं ते चक्क खोटं बोलून. म्हणाली, चष्म्याचा नंबर काढायचाय. तिथे एका बंद खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाहेर आल्यावर तिला शंभर सुनावल्या. पण मनात म्हटलं, बरंच झालं. दुकानात गिऱ्हाईक काय सांगतंय ते मला हल्ली कळतच नव्हतं. मी नुसती मान डोलवायची, आणि मग शिवलेलं उसवत बसायची.

आमचं शिवणाचं दुकान आहे. मशिनं घरघरतात, ओव्हरलॉक किंचाळतं, वर पंखा खडखडतो. आयुष्य त्यात गेलं, कान राहतील कसे? मी बसते काउंटरला, रस्त्याकडे तोंड करून. माझ्या पाठीला पाठ लावून माझी धाकटी जाऊ बसते. तिचं तोंड खिडकीकडे, कारण काज-बटणाला उजेड लागतो. तिला सगळे चिमणी म्हणतात. का, ते सांगायला नको.

लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही अशाच बसतो. सासूची गाऱ्हाणी, नवऱ्यांच्या तऱ्हा, पोरांची दुखणी, सगळं तिने माझ्या पाठीलाच सांगितलं. मागे रेलून अगदी कानाशी बोलायची. मी म्हणायची, “हं.” घरी समोरासमोर आलो की आमचं बोलणं ‘मीठ संपलंय’ एवढंच.

कानाचं मशीन बसवून देणारी मुलगी बोलायला गोड होती. म्हणाली, “यात बारीक माइक आहेत. गोंगाट असला की मशीन समोरचं बोलणं उचलतं आणि मागचा आवाज दाबून टाकतं. ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करायचं, गोंगाट पाठीकडे ठेवायचा.”

मी म्हटलं, झकास! दुकानातली सगळी शिवणाची मशिनं माझ्या पाठीकडेच आहेत.

आणि खरंच सांगते, पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचा शब्द न् शब्द कळला. मागचा कलकलाट लांब गेला. कित्येक वर्षांनी मी कोणाला “काय?” असं विचारलं नाही. इतकी खूश होते की दोन बायकांशी उगाचच गप्पा मारल्या.

चिमणी मात्र गप्प झाली. मला वाटलं, दमली असेल. खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटलं. चार दिवस डोक्याला शांतता.

मग एका दुपारी ती कात्री आणि अंगुस्तान फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“जाऊबाई, मी उद्यापासून येणार नाही.”

“का? कोणी काय म्हटलं तुला?”

“कोणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भिंतीशी बोललेलं परवडलं! गिऱ्हाइकांशी हसून बोलता, आणि मी मागून एवढं विचारतेय तर साधं ‘हं’सुद्धा नाही.”

“कधी विचारलंस?”

“रोज विचारतेय!”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. कान त्या मशीनच्या रबरी बोंडांनी बंद, आणि मशीन मागचं सगळं गोंगाट म्हणून टाकून देत होतं. त्यात हिचा आवाजही गेला. मी तिला घाईघाईने सगळं सांगितलं. कानातलं मशीन काढून दाखवलं. तिचा राग ओसरला असावा, कारण ती खाली बसली.

“सांग आता. काय विचारत होतीस?”

तिने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“असं तोंडावर नाही सांगता येत मला,” ती म्हणाली. डोळे भरले होते.

आता काय करावं? यंत्राला माणूस समोर हवं, आणि हिला मी पाठीकडे हवी. यंत्राचं बटण दाबून चहूकडचं ऐकायची सोय होती. तेही करून पाहिलं. तर अख्खं दुकान माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्यात चिमणीचा आवाज होता की नव्हता कोण जाणे.

“ऊठ,” मी म्हटलं. “तुझ्या जागेवर जाऊन बस. खिडकीकडे तोंड कर.”

ती बसली. मी माझं स्टूल फिरवलं. काउंटरला, रस्त्याला, गिऱ्हाइकांना पाठ केली आणि तिच्या पाठीकडे तोंड करून बसले, इतकी जवळ की माझा गुडघा तिच्या पाठीला टेकला. मी आहे हे तिला कळायला हवं ना. हातात तुरपाईला एक पँट घेतली. तिने सुईत दोरा ओवला. एक काज झालं, दुसरं झालं. मीही घाई केली नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं म्हणून सांगू!

मग ती खिडकीला सांगावं तसं बोलायला लागली, आणि मला सगळं ऐकू आलं.

“छातीत गाठ लागलीय. तुकडा तपासायला नेलाय. घरात कोणाला बोलले नाही. उद्या रिपोर्ट आहे. मला एकटीला भीती वाटते, जाऊबाई. तुम्ही याल का, एवढंच विचारत होते.”

कितीदा विचारलं असेल बिचारीने! आणि मी पलीकडे बघून हसत बसले होते. माझा तुरपाईचा टाका वाकडाच पडला. तो तिला दिसला नाही तेच बरं.

समोर मशिनवर शिवत बसलेल्या आमच्या कामवाल्या मुलीने खुणेने सांगितलं, काउंटरवर कोणीतरी केव्हाची हाका मारतंय. मारू देत.

“ऐकताय ना?” चिमणीने विचारलं. तिने मान वळवली नाही.

“हं,” मी म्हटलं. “सकाळी तयार राहा. मी तुझ्याबरोबर येते.”