मार्चअखेरची टेप

"भाऊ, दवाखान्यातला बाबू म्हणते, तुमच्या घरचं कोणीच लिस्टमधी नाही. मंग मी लगन केलं का नाही केलं?" तेजराम कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातूनच विचारत होता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. भिलाईच्या या ओतकामाच्या कारखान्यात एसी असलेली ही एकच खोली, त्यामुळे कामगार तिला देवघराचा मान देत.

"बायकोचं नाव सांग," देवानंद म्हणाला.

"मैनाबाई. आठवा चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणे, बीपी लई वाढला, आजच भरती करा. अन् बाबू म्हणते, नवीन कार्ड आणा."

देवानंद कटरेने यादी मागितली. पडद्यावर उत्तर आले की असे टेबल, म्हणजे अशी यादीच, मशीनमध्ये नाही. त्याने पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

सातशे कामगारांच्या बायकामुलांची ती यादी. दवाखान्याची कार्डे दर तिमाहीला नवी निघत, तेव्हाच तिची आठवण व्हायची. आता चौऱ्याण्णवचा जुलै उजाडला होता. देवानंदने मशीनची नोंदवही उघडली. यादी सव्वीस मेला पुसली गेली होती, आणि पुसणाऱ्याचे नाव होते देवानंद.

बायकोची तेरवी आटोपून तो कामावर आला होता, तो हाच दिवस. चाचणीसाठी केलेली टेबले साफ करायला बसला आणि हातासरशी खरेही उडवले. डोके ठिकाणावर कुठे होते! तो उठला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"चूक माही आहे साहेब."

अरुणकुमार साहेबांनी त्याच्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "टेपवर असेल ना?"

"रोजच्या सहा टेपा आपण फिरवून वापरतो. त्या साऱ्या नंतरच्या. मार्चअखेरची एक तेवढी बाजूला ठेवली आहे."

"मग सगळं चढवा तिच्यावरून."

"सगळं चढवलं तं एप्रिलपासूनची हजेरी जाते, साहेब. तेवढी एक यादीच उचला लागते."

एक यादी उचलायची, बाकी कशाला धक्का लागू द्यायचा नाही. देवानंदने टेप लावली. पंधरा मिनिटांनी मशीनने काम झाल्याचे सांगितले, पण दवाखान्याच्या प्रोग्रामला यादी काही दिसेना. त्याने दुसऱ्यांदा उतरवली. तरी तेच रडगाणे. शेजारच्या टेबलावरच्या शीलाने आणलेला चहा थंड झाला, तेजराम दाराशी बसून राहिला.

तिसऱ्या खेपेला देवानंदच्या ध्यानात आले. मार्चची टेप त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन करून भरली होती, म्हणून यादी परत येत होती ती त्याच्याच नावाखाली. प्रोग्राम तिला शोधत होता दवाखान्याच्या नावाखाली. यादी हजर होती, पण दुसऱ्याच्या घरात. त्याने हुकूम बदलला आणि या वेळी यादी आपल्या जागी येऊन बसली.

मैनाबाईचे कार्ड सगळ्यात आधी निघाले. तेजरामने ते दोन्ही हातांनी घेतले आणि चपला हातातच घेऊन तो दवाखान्याकडे पळाला.

उरलेली यादी तपासायला देवानंदने एक नंबर टाकला. सवयीने टाकला तो स्वतःचाच, चारशे सतरा. पडद्यावर ओळ उमटली. कटरे रत्नमाला. पत्नी. वय एकोणचाळीस.

मार्चमध्ये ती होती. पडद्यापुरती आताही होती.

मे महिन्यात कारखान्याने त्याला आठ दिवस पुण्याला पाठवले होते. टेपवरून माहिती परत कशी आणायची, हेच शिकायला. पाचव्या दिवशी फोन आला. गाडीने तो भिलाईतल्या कोहक्याच्या घरी पोचेपर्यंत दीड दिवस गेला. त्या उन्हात कोण किती वेळ थांबणार? मेहुण्याने, गुलाबरावने, अग्नी दिला. देवानंद आला तेव्हा अंगण धुतलेले होते आणि पायरीशी कडुनिंबाची डहाळी पडली होती. घाटावरून आलेल्यांनी तिची पाने चावून तोंड कडू केले होते. देवानंदच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते. कोणी त्याला बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागले होते.

मार्चनंतरच्या बदलांचे अडतीस फॉर्म भरायचे होते, मेपर्यंतचे पुन्हा आणि त्यानंतर साचलेले नव्याने. कुणाला मूल झाले होते, कुणाचा बाप गेला होता. त्याने आणि शीलाने गठ्ठा वाटून घेतला. पाच वाजेस्तोवर सदतीस झाले. शीलाने एक फॉर्म वहीखाली सरकवलेला त्याने पाहिला होता.

"दे तो."

"मी भरते ना भाऊ. मागच्या बारीलेबी मीच भरला होता."

"मालूम आहे मले."

"नाही तं राहू द्या आजच्या दिवस. एका नावानं कोणाचं काय बिघडते?"

त्यालाही तसेच वाटत होते. अगदी मनापासून वाटत होते. पण उद्या कार्डे छापली की रत्नमालाच्या नावाचे कार्ड बाहेर पडणार, आणि ते तो कुठे ठेवणार होता?

"दे शीला. तवा मी पोचलो नाही."

शीलाने फॉर्म दिला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याने हुकूम लिहिला. मशीन म्हणाले, एक ओळ काढली. अजून ते पक्के नव्हते. एक शब्द टाकला असता तर ओळ परत आली असती, आणि तो शब्द त्याला तोंडपाठ होता. त्याने चष्मा पुसला. मग दुसरा शब्द टाकला, पक्के करण्याचा, एकेक अक्षर बघून.

टेप डब्यात घालून त्याने कपाटाला कुलूप लावले. बाहेरच्या नळावर हातपाय धुतले. फाटकाजवळ पाळी सुटलेल्यांची गर्दी होती, सायकली निघत होत्या. देवानंदने आपली सायकल भिंतीला टेकवली, कडुनिंबाची खालची फांदी ओढली, दोन पाने तोडली आणि चावत चावत घरचा रस्ता धरला.