गाऱ्हाण्यातले अकरा सेकंद

अनुपमाने पडद्यावरची उभी रेघ सरकवत सरकवत 'माझ्या' या शब्दाच्या अलीकडे आणून थांबवली, दुसरी रेघ 'लागांदेत'च्या पलीकडे लावली आणि मधलं सगळं काढून टाकलं. अकरा सेकंद गेले. उरलेली दोन टोकं तिने जवळ आणली, सांध्यावर जुन्या पंख्याची घरघर पसरली आणि सुरुवातीपासून पुन्हा ऐकलं.

"केयूर, जरा ऐक," शेजारच्या टेबलाकडे हेडफोन धरत ती म्हणाली. "कुठे कापलंय सांग."

केयूरने जेवणाचा डबा बाजूला सारला. गोरेगावच्या त्या स्टुडिओत दोघं सहा वर्षं मालिकांचे भाग कापत आणि जोडत होते. रडणाऱ्या सासू-सुनांचे हुंदके कुठे ठेवायचे आणि कुठे उडवायचे, हे दोघांनाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"नाही कळत यार," तो म्हणाला. "झकास झालंय. आवाज काय भारी आहे! कोण हे?"

"बाबा."

"आणि कापलंस काय?"

"आई," अनुपमा म्हणाली आणि फाइल फोनवर पाठवून दिली.

केयूरने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. तिला मात्र काहीच वाटलं नाही. मार्चपासून हे असंच चाललं होतं. आईच्या चौदाव्या दिवशी ती कामावर गेली होती आणि एका म्हातारीच्या मरणाचा प्रसंग दुपारपर्यंत कापून दिला होता, तोही एका चुकीशिवाय. आपण दगड झालोय का, असं तिने एकदा स्वतःला विचारलं होतं. उत्तराची वाट न बघता चहाला उठली होती.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुणी नवी स्कूटर घेतली, कुणाच्या पोराला नोकरी लागली, इमारतीच्या टाकीला नवा पंप बसला, की नारळ आणला जायचा आणि पाठोपाठ बाबांना, नंदू घाडींना, बोलावणं जायचं. गाऱ्हाणं घालावं ते त्यांनीच. देवापुढे उभं राहून मालवणीत एकेक मागणं मागायचं, प्रत्येक मागण्यानंतर थांबायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कुणी म्हटलंच नाही तर मागणं तिथेच अडतं, पुढे सरकत नाही. कंपनीत लेथवर त्यांची तीस वर्षं गेली, पण हीच यांची खरी नोकरी, असं आई चिडवायची. आणि 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत आधी म्हणायची तीच. अर्धा श्वास पुढे आई, मग बाकीचे.

घरच्या गणपतीत मात्र गाऱ्हाण्याच्या शेवटाकडे एक मागणं ठरलेलं असायचं. "माझ्या वासंतीची ढोपरां दुखतत म्हाराजा. चार जिने तिका चढवनत नाय. लिफ्टच्या घराक तिचे पाय लागांदेत." यावर सगळे हसायचे. आईच हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि बाबांना कोपराने ढोसायची.

लिफ्टचं घर मिळालं. जुनी इमारत पाडून त्याच जागी बावीस मजली उभी राहिली. घाडींचा नंबर सतराव्या मजल्यावर लागला. लिफ्ट एक नाही, तीन. आई मात्र मार्चमध्येच गेली, भाड्याच्या घरात, तळमजल्यावर. तिथे चढायला एक पायरीसुद्धा नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर बाबा देव्हाऱ्यासमोर उभे राहिले होते. "चाळीस वर्सां मागलंय," ते म्हणाले होते. "आता तू तुझ्या घरात, मी माझ्या." मग ना रडले, ना कुणावर ओरडले. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत बसायचे. जेवायला हाक मारली की येऊन जेवायचे.

आईला वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे वास्तुशांत नव्हतीच. उंबऱ्यावर नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि आत जायचं, एवढंच करायचं होतं. पण गाऱ्हाणं घालणार कोण?

"मला कुठे येतंय मालवणी?" सुशांतदादा फोनवर म्हणाला होता. "देवाला इंग्लिशमध्ये मेल टाकू काय? ऐक ना अनू, जुन्या घरातल्या शेवटच्या गणपतीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तेच वाजवू. बाबांचाच आवाज, बाबांचंच गाऱ्हाणं."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाले, वाजवा, माका काय. दारापर्यंत येतंय म्हणाले, आत काय ता बघू." मग तो लगेच म्हणाला, "ते लिफ्टचं तेवढं काढ हां. ते वाजलं ना, तर बाबा त्याच लिफ्टने परत खाली जातील. मग बसा. त्या भाड्याच्या खोलीतून हलायचे नाहीत ते."

म्हणून तिने अकरा सेकंद काढले. त्याआधीच ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं होतं, की प्रत्येक 'व्हय म्हाराजा'तही आई आहे, सगळ्यांच्या अर्धा श्वास पुढे. तो आवाज बाकीच्यांतून वेगळा निघेना. मग तिने सगळे प्रतिसादच उडवले होते आणि त्या जागी नुसती पंख्याची घरघर ठेवली होती. दारात उभे असतील त्यांनी तिथे म्हणावं. आता त्या फायलीत आई कुठेच नव्हती. काम चोख झालं होतं.

रविवारी सकाळी लिफ्टमध्ये सतराचं बटण दादाच्या मुलीने, जान्हवीने दाबलं. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. ते दारावरच्या बदलत्या आकड्यांकडे बघत राहिले. चारचा आकडा आला आणि गेला. अनुपमाने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दाराला नव्या रंगाचा वास येत होता. पॅसेजच्या खिडकीतून खारफुटीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे खाडी दिसत होती. श्वेतावहिनीने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. दादाने नारळ हातात धरला. बाबा भिंतीला टेकून, सगळ्यांच्या मागे उभे राहिले, दुसऱ्या कुणाच्या कार्याला आल्यासारखे.

"आत्या, फोन ह्यात ठेव," जान्हवी स्टीलचा तांब्या पुढे करत म्हणाली. "आवाज मोठा येतो."

अनुपमाने फोन तांब्यात उभा केला आणि बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा..." तांब्यातून बाबांचा जुना आवाज आला. भरलेला, रोखठोक, देवाशी रोजची ऊठबस असल्यासारखा. "आज ह्यो नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

मग घरघर. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, वहिनी त्याच्यानंतर म्हणाली, जान्हवीचं 'व्हय' तोंडात असतानाच बाबांचा आवाज पुढच्या मागण्याकडे वळला होता. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी दादाने घाई केली आणि एकटाच पडला. सुरुवात कुणी करायची, हे कुणालाच कळत नव्हतं. जागा पुरेशी ठेवली होती, मोजून ठेवली होती. तरी बसत नव्हतं. अनुपमाने तर तोंडही उघडलं नव्हतं. ती फक्त सांध्याची वाट बघत होती.

"झिला-चेडवांच्या कामधंद्याक बरकत दी म्हाराजा!" आवाज म्हणाला. घरघर झाली. कुणीतरी काहीतरी म्हणालं. "आनी सगळ्यांका असांच एका जाग्यार..."

"थांबव," बाबा म्हणाले.

अनुपमाने फोन थांबवला.

"काय झालं बाबा?" दादाने विचारलं.

"हंय एक ऱ्हवला."

"काय राहिलं? सगळं आहे की," दादा जरा जास्तच पटकन म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते अनुपमाकडे बघत होते. रागाने नाही, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते कुणाकडे तरी नीट बघत होते.

"तू कापलंस?"

"हो."

"बरा कापलंस गो," ते म्हणाले. "जोड खय आसा ता कळाक नाय."

मग ते भिंतीपासून निघाले आणि वहिनीच्या, जान्हवीच्या पुढे होत उंबऱ्यापाशी आले. चप्पल काढली. हात जोडले. आता ते देवाला काय सुनावतात या भीतीने दादाचा चेहरा उतरला.

"माझ्या वासंतीची ढोपरां दुखतत म्हाराजा," बाबा म्हणाले. तांब्यातल्या आवाजापेक्षा हा आवाज बारीक होता, वापरात नसलेल्या कडीसारखा अडकत होता. "चार जिने तिका चढवनत नाय. लिफ्टच्या घराक... तिचे पाय लागांदेत."

एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणून झाल्यावर ते नेहमीसारखे थांबले.

दादाने मान खाली घातली. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. असल्या मागण्यावर काय म्हणायचं? मालिकेत अशी शांतता अनुपमाने तीन सेकंद ठेवली असती. त्यापुढे लोक चॅनल बदलतात. इथे तीन झाले, सहा झाले, अकराही होऊन गेले असतील. बाबा हात जोडून तसेच उभे होते. कुणी म्हटल्याशिवाय मागणं पुढे सरकत नाही, आणि ते म्हणणारं माणूस नव्हतं. सगळे तिचीच वाट बघत होते, आईची. अनुपमाला ते एकदम कळलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी पुरा निघाला.

आणि तिच्या अर्धा श्वास मागून दादा, वहिनी आणि जान्हवी, तिघंही एकदम म्हणाली.

बाबांनी मान हलवली. दादाच्या हातातला नारळ त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

"तो फोन बंद कर," ते म्हणाले. "फुडला मी सांगतंय."

अनुपमाने फोन तांब्यातून काढून पर्समध्ये टाकला. डोळे पुसायला वेळ नव्हता. बाबांनी श्वास घेतला होता, आणि पुढच्या 'म्हाराजा'नंतर तिलाच आधी म्हणायचं होतं.